लिलावानंतरची शिल्लक

पुलगाव, ११ ऑगस्ट २०२५

सौ. वर्षाली,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की नाही कोण जाणे. मी मुकेश, तुझा भाऊ. तेरा वर्षांनी लिहितोय म्हणजे काम असल्याशिवाय नाही, हे तुला पहिल्या ओळीतच कळेल. म्हणून आढेवेढे न घेता कामाचंच लिहितो.

आपलं घर गेलं. घरपट्टी थकली होती. नगरपालिकेने जप्ती लावली आणि गेल्या नोव्हेंबरात लिलाव केला. हार्डवेअरवाल्या हिरालालशेटने आठ लाख दहा हजारांना घेतलं. पट्टी, तिच्यावरची शास्ती, लिलावाचा खर्च असं सगळं वजा जाऊन सहा लाख चौऱ्याहत्तर हजार उरलेत. हे उरलेले पैसे घरमालकाला परत मिळतात. घरमालक म्हणजे बाबा. ते २०१५ साली गेले, हे तुला कुणाकडून तरी कळलं असेलच. तेव्हा आता वारसांनी अर्ज करायचा. लिलाव कायम झाल्यापासून मुदत एक वर्षाची, शेवटची तारीख १९ डिसेंबर. त्यानंतर रक्कम पालिकेत जमा होते, मग कितीही डोकं आपटलं तरी मिळत नाही.

वारस तीन. आई, मी आणि तू. सोबत हक्कसोडीचा मसुदा पाठवतोय. माहेरच्या मिळकतीत मुली हिस्सा घेत नाहीत, आपल्या दोन्ही आत्यांनी चहा पिता पिता सह्या केल्या होत्या, तुला आठवत असेल. भिलाईतच नोटरीसमोर सही कर, आधारची झेरॉक्स लाव आणि रजिस्टरने पाठव. इकडे यायची गरज नाही.

पैसे मला नकोत. आईचं वय सत्तर झालं, तिला दम लागतो आणि आम्ही दोघं मंदाबाईंच्या घरामागच्या टिनाच्या खोलीत भाड्याने राहतो. उन्हाळ्यात आई दुपारभर ओलं लुगडं अंगावर घेऊन पडून होती. या पैशात तिच्यापुरत्या दोन पक्क्या खोल्या होतील. तुझ्या सहीवाचून ते अडलंय.

तुझा पत्ता कुठून मिळाला ते विचारू नको.

मुकेश


पुलगाव, २९ ऑगस्ट २०२५

वर्षाली,

पोचपावती आली, तिच्या मागोमाग तुझं पत्रही आलं. मी सही मागितली आणि तू दोन प्रश्न पाठवलेस. एवढ्याशा पट्टीसाठी घर कसं गेलं, आणि आईशी बोलणं कधी करून देतोस. खाली तुझा मोबाईल नंबर. लहानपणीही तू अशीच होतीस, पाटीवरचं गणित सोडवायचं सोडून मास्तरलाच विचारायचीस.

पहिल्याचं उत्तर देतो. यात पालिकेचा काडीचाही दोष नाही. नोटिसा आल्या, वॉरंट आलं, सगळं बाबांच्या नावाने आलं आणि सगळ्यावर सही करून मीच घेतलं. घर बाबांच्या नावावरून आपण कधी काढलंच नव्हतं. मला वाटायचं, मेलेल्या माणसाच्या नावाची नोटीस, ती धरणार कुणाला? हसू नको, आमच्या ओळीतली निम्मी घरं अजून असंच समजून बसली आहेत.

आई दर एप्रिलला पट्टीचे पैसे देत होती. बाबांच्या मिलच्या पेन्शनमधून महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकायची. माझ्या हातात द्यायची आणि पावती आणायला सांगायची. पहिल्या वर्षी मी तिला सांगितलं, पावती आता कागदावर नाही, मोबाईलवर येते. तिने मोबाईल पाहायला मागितला. मी रिचार्ज झाल्याचा हिरव्या खुणेचा मेसेज दाखवला. तिने तो दोन्ही हातांत धरून पाहिला आणि देवासमोर नेऊन ठेवला. पुढच्या वर्षापासून तिने पाहायलाही मागितला नाही.

पैसे कुठे गेले ते विचारशील. खर्च झाले. जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर महिन्याला बारा हजार मिळतात, आमच्या अंकिताचं कॉलेज, तुझ्या जयावहिनीचं आजारपण, माणसाला खर्च का सांगून येतात?

ताबा घ्यायला जानेवारीत लोक आले तेव्हा आई ओट्यावर तूर पाखडत होती. पंचनामा करणारा माणूस भला होता, सामान काढायला त्याने अख्खा दिवस दिला आणि तुळशीची कुंडी स्वतः उचलून बाहेर ठेवली. आईला वाटत होतं, ते घर चुकले आहेत. ती सूप खाली ठेवून मला म्हणाली, "मोबाईल दाखव न त्यायले, मुकेश. भरली न आपण पट्टी."

मी मोबाईल खिशातून काढला नाही. सगळी ओळ बघत होती. आई माझ्याकडे बघत राहिली, मग उठून आत गेली आणि भांडी बांधायला लागली. त्या दिवसापासून तिने मला घराबद्दल एक शब्द विचारलेला नाही. जया अंकिताला घेऊन अल्लीपूरला माहेरी गेली, ती अजून आलेली नाही.

आईशी बोलायचं म्हणतेस, ते जरा लांबणीवर टाक. तिची तब्येत बरी नाही. सहीचं मात्र बघ.

मुकेश


पुलगाव, १५ सप्टेंबर २०२५

वर्षा,

आई आजारी आहे तर मी येतेच, खोलीचा पत्ता दे, असं लिहिलंस. तू खरंच निघशील म्हणून आज सुट्टी टाकून हे लिहायला बसलोय. येऊ नको. निदान हे वाचल्याशिवाय येऊ नको.

आज पितृपक्षातली अविधवा नवमी. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईच्या नावाने आज सवाष्ण जेवू घालतात. आईने मंदाबाईला बोलावलंय. पहाटेपासून वडे, कढी, भोपळ्याची भाजी चाललंय, आणि तुला आवडते म्हणून शेवयांची खीर. हे जेवण तुझ्या नावाचं आहे. आईच्या लेखी तू सहा वर्षांपूर्वी मेलीस. मीच तिला तसं सांगितलं.

२०१२ साली तू लग्न करून गेलीस तेव्हा बाबांनी तुझी तेरवी केली, हे तुझ्याही कानावर आलं असेल. मुंडन केलं, गाव जेवू घातलं, तुझे कपडे नदीला सोडले. मुलगा आपल्यातला नव्हता एवढ्यावरून. पण तू जिवंत आहेस हे तेव्हा जेवायला बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, आईलाही होतं. बाबा होते तोवर ती गप्प बसली. ते गेल्यावर मात्र तिने माझ्यामागे लकडा लावला, पोरीले आन, पोरीले आन. तुझ्या राख्या, तुझी पत्रं पोस्टमन माझ्याच हातात द्यायचा. तिला वाचता येत नाही. बँकेचं आहे, विम्याचं आहे, असं सांगून मी ती जिनिंगमधल्या कपाटात टाकत गेलो. तुझा पत्ता त्यांच्यावरचाच.

पुढे ती एक दिवस म्हणाली, घर दोघांच्या नावावर कर. अर्धं तुझं, अर्धं पोरीचं. तिने ते इतक्या सहज म्हटलं की माझं डोकंच फिरलं. तेरवी झालेल्या मुलीला अर्धं घर? आणि बापाचं औषधपाणी करायला मी? २०१९ मध्ये तुझं बाळंतपणाचं पत्र आलं, मुलगी झाली म्हणून. त्याच संध्याकाळी मी आईला सांगितलं की भिलाईहून निरोप आला, वर्षाली बाळंतपणात गेली, बाळही राहिलं नाही.

ती ओरडली नाही. चुलीवरचं दूध उतू जात होतं, ते तिने उतरवून ठेवलं आणि मग भिंतीला टेकून बसली. त्यानंतर तू पत्र लिहिणं बंद केलंस, मी उत्तर देत नव्हतोच. आई दर नवमीला सवाष्ण बोलावते. मंदाबाई जेवून गेली की उरलेली खीर मला वाढते, आणि मी ती खातो. सहा वर्षं खातोय.

आता पैशांचं ऐक. मार्चमध्ये मी अर्ज केला, तेव्हा सोबत आईचं आणि माझं प्रतिज्ञापत्र जोडलं. वारस दोन, मुलगी मयत. माझी सही खोटेपणाची होती. आईचा अंगठा खरेपणाचा होता, तिला तेच माहीत होतं. वसुलीच्या खिडकीवरच्या मॅडमनी कागद वाचून एवढंच म्हटलं, मुलीचा मृत्यूचा दाखला जोडा. सरळ मागणी होती. मी दोनदा टोलवलं, तिसऱ्यांदा बोलून गेलो की ती जिवंत आहे. मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, मग तिघांनी साहेबांसमोर या, आईने स्वतःच्या तोंडाने सांगून नवं प्रतिज्ञापत्र करायचं आणि मुलीने समोर उभं राहायचं. त्यांनी माझ्यावर पोलिसात तक्रार केली नाही, हे त्यांचे उपकार. तरी मी तुला ऑगस्टमध्ये हक्कसोडीचा मसुदा पाठवला. वाटलं, तेवढ्यावर भागेल.

आणि घराचे पैसे रमीत गेले. मोबाईलवरच्या. आधी पट्टीचे गेले, मग पट्टीचे परत मिळवायला पगारातले गेले. गेल्या महिन्यात सरकारने ते खेळ बंद केले. फार लवकर केले.

माझ्या डोक्यात एक आहे. आईला मी सकाळी नेतो, तिचा अंगठा घेतो. तू दुपारी ये. तोंडाला स्कार्फ बांधून ये, इथे सगळ्याच बाया उन्हाच्या बांधतात. साहेबांच्या हातापाया पडून मी वेगवेगळी वेळ मागून घेईन. आईला कळायची गरज नाही. तिने रडून घेतलंय, आता कशाला पुन्हा. तू विचार कर.

मंदाबाई आली, आई पाट मांडायला हाक मारतेय.

मुकेश


पुलगाव, २६ ऑक्टोबर २०२५

वर्षा,

तुझं एका ओळीचं पत्र महिनाभर खिशात घेऊन फिरलो. "आईला सांग, नाहीतर मी कुठेच सही करणार नाही." शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. शिव्यांना मला उत्तर देता येतं.

भाऊबीजेला सांगितलं. दिवस ठरवून नव्हे. मंदाबाईचा भाऊ आला होता, तिकडे ओवाळणं चाललं होतं, आणि आई आपली शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, वर्षा जिवंत आहे. मग सगळं सांगितलं. रमी, घर, राख्या, तुझं पत्र. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं.

मला वाटलं होतं ती मारेल. मारायला हवं होतं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली आणि तिने विचारलं, "तिले लेकरं किती?"

एक, मी म्हटलं. मुलगी. सहा वर्षांची.

"नाव काय हाय?"

मला सांगता आलं नाही. तू लिहिलं होतंस ना पत्रात? मी ते पान तेव्हाच फाडलं होतं, बाकीची पत्रं ठेवली आणि नेमकं तेच फाडलं. मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हा ती रडायला लागली. तू जिवंत आहेस म्हणून नाही, मी घर घालवलं म्हणून नाही, मला नातीचं नाव माहीत नाही म्हणून. तेरा वर्षांत मी तिला असं रडताना पाहिलेलं नव्हतं. मंदाबाई ताट तसंच ठेवून धावत आली.

पुढचं तुला माहीतच आहे, फोन मंदाबाईने लावून दिला. मी बाहेर रस्त्यावर उभा होतो. आई काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, ऐकायचा हक्कही नव्हता.

काल तुझा नवरा आईला घ्यायला आला. ज्याचं नाव या घरात कुणी तोंडात घेतलं नाही, तो दारात चपला काढून उभा राहिला आणि मला वाकून नमस्कार केला. मी पंखा लावला. हिवाळा लागत आला तरी पंखा लावला. त्याने आईची पिशवी घेतली. आईने दम्याचा पंप, दोन लुगडी, बाबांचा फोटो घेतला. जाताना ती मंदाबाईच्या गळ्यात पडली. माझ्यासमोरून गेली तेव्हा मी पाया पडायला वाकलो, तर ती पाय मागे घेऊन पुढे गेली. जावयाने ते पाहिलं आणि मान दुसरीकडे केली. तो चांगला माणूस आहे, वर्षा. हे मी तेरा वर्षं उशिरा लिहितोय, मला कळतंय.

आता मी हक्क सोडतो. सगळी रक्कम आईच्या नावाने जाऊ दे, मी तसं लिहून द्यायला तयार आहे, मॅडमना विचारलं, चालतं म्हणाल्या. तुम्ही दोघींनी फक्त एकदा यायचं. सकाळच्या गाडीने या, दुपारी सही, संध्याकाळी परत. १९ डिसेंबरच्या आत केव्हाही.

मुकेश


पुलगाव, ८ डिसेंबर २०२५

वर्षा,

मागच्या पत्राला उत्तर नाही. हे स्पीड पोस्टने पाठवतोय.

कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे, काट्यावरून उठता येत नाही, तरी अर्धा दिवस मागून नवं प्रतिज्ञापत्र टाईप करून घेतलं. वारस तीन. तुझं नाव सासरच्या आडनावाने, बरोबर लिहिलंय की नाही ते बघ, प्रत जोडली आहे. आंजीला दोन खोल्यांचं एक घर पाहून ठेवलंय. स्लॅबचं आहे, नळ दारात आहे. मालक साडेपाच लाखांत द्यायला तयार आहे, थांबतो म्हणाला. आईला इकडे यायचं नसेल तर पैसे तिच्या खात्यात राहू दे, तिच्या औषधाला होतील. तुमच्यावर तिचा भार नको पडायला. रागावू नको, भार म्हणजे तसं नाही.

अकरा दिवस राहिलेत. फोनवर मला धड बोलता येत नाही, नाहीतर फोनच केला असता.

मुकेश


पुलगाव, २० डिसेंबर २०२५

वर्षा,

गुरुवारी शेवटी मीच फोन केला. तू काही लपवलं नाहीस, सरळ सांगितलंस की तिकीट काढून ठेवलं होतं, दोनदा काढलं, दोन्ही वेळा आई तयार झाली नाही. कागद तिला वाचून दाखवला, समजावून सांगितला, तरी नाही. मग तू फोन तिच्या कानाला लावलास.

मी तिला म्हणालो, आई, तुझे पैसे आहेत, माझा एक रुपयाही नाही त्यात. उद्या शेवटचा दिवस आहे. तुला फक्त एक अंगठा द्यायचा आहे.

तुझी पोरगी मागे काहीतरी पाठ करत होती, ते ऐकू येत होतं. मग आई म्हणाली, "तू आनलेल्या कागदावर मी आता अंगठा नाई देत. एक डाव देल्ला, त्यात माही पोरगी मेली."

मी म्हटलं, हा कागद तसा नाही, यात ती जिवंत आहे.

"ते मले कागदानं काऊन सांगा लागते?" ती म्हणाली. "घरात हाये न ते, समोर." आणि फोन तुझ्याकडे दिला.

तरीही काल मी गेलो. सकाळी दहाला जाऊन खिडकीसमोरच्या बाकावर बसलो. गाडी आली की स्टेशनच्या बाजूने माणसं येतात, त्यांच्यात बघत होतो. आईला ओळखायला वेळ लागला नसता, पण तू आता कशी दिसतेस ते मला माहीत नाही, म्हणून त्या वयाच्या प्रत्येक बाईकडे बघत होतो. एक-दोघींना ते आवडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी डबा उघडला आणि अर्धी पोळी-भाजी कागदावर काढून मला दिली. पावणेसहाला शिपाई दार लावायला आला, त्याला त्यांनी थांबवलं. सहापर्यंत त्या बसून होत्या. मग म्हणाल्या, काका, आता नाही थांबता येत. त्यांनी फाईल बांधली. मी त्यांना हात जोडले, त्यांनी त्यांच्या परीने सगळं केलं.

पैशांचं वाईट वाटत नाही म्हणालो तर तेही खोटंच होईल. खूप वाटतं. सहा लाख चौऱ्याहत्तर हजार मी आयुष्यात एकत्र पाहिले नाहीत आणि आता पाहणारही नाही. आंजीच्या मालकाला सकाळी नाही म्हणून कळवलं. पण पैशांचं वाईट वाटून संपलं तरी काल रस्त्याने येताना दुसरंच डोक्यात होतं. आईने पैसे सोडले ते मला शिक्षा म्हणून, असं मी आधी धरून चाललो होतो. तसं असतं तर मी शिक्षा भोगून मोकळा झालो असतो. तिने माझा विचारच केला नाही. तिला फक्त माझ्या हातून कागद घ्यायचा नव्हता, त्यापायी छप्पर गेलं तरी चालेल, एवढंच.

जया येत्या रविवारी कपडे न्यायला येणार आहे, राहायला नाही. जिनिंगचा हंगाम एप्रिलपर्यंत आहे, तोवर मी या खोलीतच आहे.

तुझ्याकडून मला काही नको. हक्कसोड, सही, काही नको. मुलीचं नाव कळवायचं नसेल तर नको कळवू, आईने ते विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही, त्यामुळे तेही मागायचं तोंड नाही. एकच कर. आई जेवताना, बसताना, कधी माझ्याबद्दल काही विचारते का, तेवढं लिही. विचारत नसेल तर उत्तर पाठवू नको. मी महिनाभर वाट बघेन आणि समजून घेईन.

मुकेश